पाणी उतरलं ती संध्याकाळ

श्रावण लागला की आमच्या घराला लाखेचा वास यायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, बाहेरच्या खोलीत मांडी घालून छोटे बल्ब रंगवत बसायचे. निळी, हिरवी आणि पिवळी लाख तीन वाट्यांत स्पिरिटमध्ये कालवलेली असायची, आणि त्यातली एक वाटी हमखास आईच्या आमटीच्या वाट्यांतली असायची. बल्ब मागच्या बाजूने धरायचा, लाखेत बुडवायचा, एक गिरकी देऊन वर काढायचा आणि दोरीला उलटा टांगायचा. आता लोणावळ्याच्या हवेत काही म्हणजे काही वाळत नाही. पापड वाळत नाही, परकर वाळत नाही, तिथे लाख कुठली वाळायला? म्हणून भाकऱ्या झाल्या की आई चुलीपुढची ऊब आम्हाला द्यायची आणि चुलीवर रंगीत बल्बांच्या माळा लोंबायच्या. खालच्या बाजारातून चिक्कीच्या पाकाचा गोडसर करपट वास चढून यायचा, स्टेशनात घाट चढून आलेल्या गाडीची मागची इंजिनं सुटी करतानाचा खडखडाट व्हायचा आणि आई म्हणायची, "या घरात माणसं कमी न् दिवं जास्ती."

भांगरवाडीच्या चढावर आमच्या दोन खोल्या आणि पुढे एक पडवी. अण्णा वायरमन. मुंबईकरांच्या बंगल्यांत दर पावसाळ्यात फ्यूज उडायचे, भिंतींना झिणझिण्या यायच्या, आणि अण्णांना बोलावणं यायचं. ते पोटाचं काम. गणपतीतली पळती रोषणाई हे जिवाचं काम. एक मोठी फळी, तिला भोकं पाडून बसवलेल्या बल्बांच्या ओळी, आणि फळीमागे पोळपाटाएवढ्या घेराचा एक लांब लाकडी ओंडका, आडवा, फिरता. त्याला सगळे रोलर म्हणायचे. रोलरवर तांब्याच्या पट्ट्यांचे तुकडे ठोकलेले असायचे आणि वरून पितळेची बोटं त्याला टेकलेली असायची. प्रत्येक बोटाच्या वायरीवर बल्बांची एक ओळ. बोटाखाली तांबं आलं की ती ओळ लागायची, नुसतं लाकूड आलं की विझायची. एवढंच. पण तांब्याचे तुकडे कुठे आणि किती लांबीचे ठोकायचे यात सगळी करामत. मी सांगणार आहे त्याच्या आदल्या वर्षी अण्णांनी मोदक पळवणारा उंदीर केला होता आणि तो बघायला तळेगाव, वराळे, शिरगावपर्यंतची माणसं आली होती. एक म्हातारबुवा फळीमागे वाकून विचारत होते, "उंदराला दोरी कुटं बांधलीय?"

दोरी कुठेच नव्हती. उंदीर हलतच नव्हता. हलत काहीच नव्हतं. इथला दिवा विझतो, शेजारचा लागतो, आणि मधलं ओढत नेण्याचं काम बघणाऱ्याचा डोळा करतो. हे अण्णांनी मला मी नववीत असताना सांगितलं, आणि शाळेत आलेखाचा कागद वापरायला शिकले होते म्हणून त्या वर्षीपासून रोलरचं चित्र मांडायचं काम माझ्याकडे आलं. आडव्या रेघांवर बल्बांच्या ओळी, उभ्या रेघांवर रोलरचं फिरणं. जिथे दिवा हवा तो चौकोन पेन्सिलीने भरायचा. भरलेला प्रत्येक चौकोन म्हणजे तांब्याचा तुकडा.

माझी नात ईरा परवा सुट्टीत आली होती. ती संगणकावर चित्रं हलवायला शिकते आहे. पडद्यावर एक चौकोन काढायचा, पुसायचा, एक घर सरकवून पुन्हा काढायचा. मला समजावून सांगत होती, "आजी, खरं तर तो हलत नाही गं. आपल्याला वाटतं." मी म्हटलं, बाई, हे मला तुझ्या पणजोबांनी लाखेच्या वाट्या पुढे ठेवून शिकवलं. तिने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, की म्हातारी माणसं जगात काहीही स्वतःच्याच वेळचं म्हणून सांगतात. म्हणून हे लिहायला घेतलं. नाहीतर इतकी वर्षं हा विषय मी टाळतच आले होते.

उंदराच्या पुढच्या वर्षी आमच्या घरात आबा होते. आबा म्हणजे आईचे वडील. त्यांचं गाव पवनेच्या काठी होतं आणि धरण भरलं तेव्हा ते पाण्याखाली गेलं. गावाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांचं होतं त्यांना ते ठाऊक आहे, आणि बाकीच्यांना रस्ता विचारत तिथे जाता येणार नाही. माणसं पांगली. काही लांबच्या जमिनीवर गेली, काही लोणावळ्यात आली, बाया चिक्कीच्या कारखान्यात शेंगदाणे निवडायला लागल्या, पुरुष रेल्वेच्या गँगमध्ये खडी टाकायला. आजी आधीच गेलेली, आईला भाऊ नाही. आबांना आईने जवळजवळ ओढूनच आमच्याकडे आणलं. ते आले ते डोक्यावर एक पोतं घेऊन. त्यांच्या खाचरातलं शेवटचं पीक, आंबेमोहर. पडवीत पोतं टेकवलं तेव्हा घरभर त्याचा वास सुटला आणि आई त्या पोत्याला पाठ टेकून रडत बसली.

आमच्याकडे बाप लेकीच्या घरी राहायला जात नाही, आणि गेलाच तर तिच्या घरचं अन्न खात नाही. आबा या बाबतीत भलते कडक. पडवीत झोपायचे, तिथेच तीन दगड मांडून स्वतःच्या पोत्यातल्या तांदळाचा भात नाहीतर पेज करून घ्यायचे. आईच्या हातची चटणी चालायची, कारण चटणी म्हणजे काही जेवण नव्हे असा त्यांचा कायदा होता. दूध चालायचं नाही. चहा चालायचा, कारण चहा मुळातच परका, त्याला कुणाचं घर नाही. आम्ही आत बसून जेवायचो आणि बाहेर दगडांवर आबांची पेज रटरटायची. भिंत एक, धूर दोन. आई ताटात नुसती बोटं फिरवायची. आबा मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून ठेवायचे, "पोतं हाय तंवर हाय. पोतं सरलं की मी चाललो."

कुठे, ते आम्हाला ठाऊक होतं. पाण्याच्या वर डोंगरउतारावर त्यांचं एक कारवीच्या कुडाचं खोपट उरलं होतं. पूर्वी पावसात तिथे गुरं बांधत. आता आसपास ना घर ना माणूस, नुसता वारा आणि खाली पाणी. आबांना दम्याचा त्रास. पडवीत रात्री त्यांची छाती वाजायला लागली की आई उठून शेगडी नेऊन ठेवायची. त्या खोपटात त्यांना शेगडी कोण देणार होतं? ते तिथे राहायला नाही, संपायला निघाले होते. हे आईला कळत होतं, अण्णांना कळत होतं, मलाही कळत होतं. फक्त तोंडाने कुणी म्हणत नव्हतं.

म्हणून आईने एक उद्योग केला. आबा सकाळी मारुतीला गेले की ती पडवीत यायची, मी पोत्याचं तोंड धरायचे आणि ती पदराखालून आणलेला तांदूळ आत ओतायची. आंबेमोहरच हवा, कारण आबांच्या नाकाला फसवणं सोपं नव्हतं. तो मिळवण्यासाठी ती पवनानगरच्या बाजारात जाणाऱ्या जीपवाल्याच्या हातापाया पडायची. आम्ही घरात रेशनचा जाड, लालसर तांदूळ खायचो. अण्णांनी एकदा विचारलं, "वासाचा तांदूळ येतो कुठे आणि जातो कुठे?" आई भाकरी उलटत राहिली आणि अण्णांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पोतं कमी होत होतं, पण फार सावकाश. "शके," आई पोत्याचं तोंड बांधता बांधता मला म्हणायची, "आबाला कळता कामा नये. कळलं तर त्याच पावली निघंल त्यो."

अशा घरात एका संध्याकाळी बाळूशेठ आले. बाळूशेठ म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, बाजारात चिक्कीचं दुकान, बोलणं मोठं, मन वाईट नाही. खुर्चीत टेकून म्हणाले, "वायरमन, यंदा उंदीरबिंदीर नको. यंदा धरण. आधी गाव दाखवा, मागासलेलं, चार घरं. मग पाणी चढतंय, चढतंय. मग खालच्या बाजूला हिरवंगार शेत. शेवटी वर एक मोठा दिवा. काय? लोक डोळे फाडून बघतील." आत आईचं भाकरी थापणं थांबलं. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांची नजर त्यांना काही नवीन करायला मिळालं की व्हायची तशी झाली होती. पाणी चढवायचं म्हणजे ओळीवर ओळ लागत जायची आणि त्याच वेळी घरांच्या ओळी विझत जायच्या. असं त्यांनी आजवर केलं नव्हतं. ते म्हणाले, "करतो."

बाळूशेठ गेल्यावर आई दारात आली. "दुसरं कायबी करा. मोर करा. उंदीर परत पळवा. पण ह्ये नगा करू."

"शब्द दिलाय मी," अण्णा म्हणाले. "आणि धरण काय मी बांधलं? माझ्या बल्बांनी पाणी चढलं का?"

पडवी आणि खोली यांच्यात नुसता कुड. आबांनी सगळं ऐकलं होतं. ते दारात येऊन उभे राहिले. जावयाला ते कधी अरेतुरे करत नसत, त्या दिवशीही केलं नाही, आणि त्यामुळे ते जास्तच लागलं. "जावाईबापू, आमच्या मढ्यावर दिवं लावताय व्हय?"

अण्णांनी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं हा आमच्या घराण्याचा गुण नाही. ते म्हणाले, "आबा, खालच्या किती गावांना पाणी मिळतंय तेही बघा की."

"बगतूय की. आमीच दिलंय त्ये," आबा म्हणाले. मग आईकडे न बघता, "देवाच्या दिसांत लेकीचं दार सोडू न्हाई म्हून थांबतो. गणपती पाण्यात गेला की मी निगालो. पोतं असूंदे न्हाईतर नसूंदे."

त्या दिवसापासून चटणी बंद, चहा बंद, आणि अण्णांशी बोलणं बंद. अण्णा पडवीतून जायचे तेव्हा आबा तोंड फिरवायचे. अण्णाही मग मुद्दाम खडाखड पावलं वाजवत जायचे. दोन हट्टी पुरुष आणि मध्ये माझी आई, जात्यातल्या दाण्यासारखी. ती आता पोत्यात तांदूळ ओतत होती त्याला काही अर्थ उरला नव्हता, तरी ओतत होती. मी एकदा म्हटलंसुद्धा, "आता कशाला ओततेस?" तर माझ्यावर केवढ्याने खेकसली. माझा दोघांवरही राग होता. आबांवर, की आमचं खाल्लं तर काय बिघडतं? आणि अण्णांवर, की एका फळीपायी घर मोडायला निघालात? आणि त्या रागातच मी आलेखाचा कागद पुढे ओढून गाव काढायला बसले.

बाळूशेठनी चार घरं सांगितली होती. मला चार घरांचं कुठलंही गाव काढता येईना. मला एकच गाव माहीत होतं, जिथे दर मे महिन्यात मी करवंदांनी तोंड काळं करून हिंडले होते. हात आपोआप तेच काढायला लागला. एका बाजूला जरा कललेला कळस, त्याच्याजवळ चिंच, मग उतरती घरांची रांग, शेवटी आबांचं घर, पुढे गोठ्याची पडवी काढलेलं. पिवळे चौकोन घरांचे, त्यांच्यावर खालून वर चढत येणारे निळे. कागद मी अण्णांपुढे ठेवला. ते अंगठ्याने कागदाची कड घासत राहिले. वाटलं, आता फाडणार. मग म्हणाले, "चिंच एक घर डावीकडे घे. देवळाला एवढी खेटून नव्हती ती."

त्याच चिंचेखाली त्यांच्या लग्नाचा मांडव पडला होता, हे मला तेव्हा आठवलं नाही.

पुढचे दिवस घरात हातोडीची टकटक. तांब्याच्या पट्ट्या कापायच्या, माझ्या कागदाप्रमाणे रोलरवर ठोकायच्या, काळ्या पडल्या की चिंचेने घासायच्या. रोलरला एका बाजूला लाकडी मूठ बसवलेली होती, हाताने फिरवून तपासायला; एरवी फिरवायचं काम चामड्याच्या पट्ट्याने जोडलेल्या मोटरचं. मी मूठ फिरवायचे आणि अण्णा समोरून बघायचे. पाणी चढायचं, घरं एकेक करून विझायची, कळस सगळ्यात शेवटी. अण्णा म्हणायचे, "बरोबर." आई त्या वेळी आतून बाहेर यायचीच नाही. पडवीत आबांच्या खोकल्याचा आवाज यायचा आणि मी मूठ सोडून द्यायचे.

चतुर्थीची संध्याकाळ आली. मांडवात गर्दी, ओल्या तरटांचा, कापराचा आणि छत्र्यांचा वास. आबा येतील असं वाटलं नव्हतं, पण आरती चुकवणारे ते नव्हेत. सगळ्यात मागे, खांबाला धरून, टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांच्या आजूबाजूला त्यांच्या गावची माणसं, शेंगदाणे निवडणाऱ्या बाया आणि गँगमधले पुरुष, अशी सगळी मागेच उभी होती. आई त्यांच्यापासून चार हातांवर. आरती झाली, बाळूशेठनी प्रगतीवर दोन शब्द सांगितले, ते दहा मिनिटं चालले. मी आणि अण्णा फळीमागे होतो. बटण दाबलं. मोटर घुरघुरली आणि रोलर जागचा हलला नाही. हवा ओली, चामड्याचा पट्टा ओला, तो चाकावरून नुसता घसरत होता. पकड यावी म्हणून पट्ट्याला राळ लावली, तरी तेच. पलीकडून हसण्याचा आवाज आला. बाळूशेठनी फळीच्या कडेचं कापड बाजूला करून तोंड आत घातलं. "वायरमन, काय झालं? लोक थांबलेत."

"झालं, झालं," अण्णा म्हणाले. पट्टा काढला, त्याला एक पीळ दिला, म्हणजे मराठी चार आकड्यासारखा मध्ये आडवा छेद घेणारा केला, आणि परत चढवला. पीळ दिलेला पट्टा चाकाला जास्त कवळतो, घसरत नाही. ही गिरणीवाल्यांची जुनी युक्ती, आणि अण्णा लहानपणी पिठाच्या गिरणीत कामाला होते. फक्त पीळ दिला की दुसरं चाक उलट फिरतं. हे गिरणीत पीठ गोळा करणाऱ्यालाही ठाऊक असतं.

रोलर फिरायला लागला. फळीमागून चित्र दिसत नाही, बोटांवर पडणाऱ्या बारीक ठिणग्या तेवढ्या दिसतात, पण कुठली ठिणगी कधी पडायची ते मला पाठ होतं. आधी घरांची बोटं पेटायला हवी होती. पेटली ती शेताची आणि पाण्याची. "अण्णा, उलटं फिरतंय," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं. नक्की ऐकलं, कारण त्यांचा हात बटणावर होता. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि बटण दाबलं नाही. मी पुढे पळाले.

सगळी फळी निळी झाली होती. वरचा मोठा दिवा विझला. खालची हिरवी शेतं एकेक करून गेली. मग निळ्याची सगळ्यात वरची ओळ विझली आणि तिथे एक पिवळा बल्ब लागला. मग दुसरी ओळ, मग तिसरी. पाणी उतरत होतं. कललेला कळस पाण्याबाहेर आला, मग देऊळ, मग चिंच.

मागून एका बाईचा आवाज आला, "आगं बया, ह्ये तर आपलं देऊळ!"

"उलटं चाललंय! वायरमन, बंद करा, उलटं चाललंय!" बाळूशेठ ओरडत होते. मागची माणसं पुढे सरकत होती. कुणी कुणाला ढकलत नव्हतं, पण पुढचे आपोआप बाजूला होत होते. "ह्ये पाटलाचं. ह्ये आमचं, ह्ये बग, कोपऱ्यावरलं." एकेका घराला पाण्याबाहेर येताच त्याचं नाव मिळत होतं. शेवटची निळी ओळ विझली आणि गोठ्याची पडवी असलेलं घर लागलं. त्याचं नाव कुणी घेतलं नाही. सगळ्यांनी मागे वळून आबांकडे पाहिलं.

बाळूशेठ आत घुसायला निघाले तेव्हा आबा म्हणाले, "ऱ्हाऊंदे." इतके दिवस न बोललेल्या माणसाचा आवाज कसा येतो, तसा आला. ते गर्दीतून चालत थेट फळीमागे गेले. मी त्यांच्या पाठोपाठ. अण्णा रोलरपाशी उभे होते, हात अजून बटणावर. आबांनी रोलरकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्ये हातानं फिरतं?"

अण्णांनी मोटर बंद केली. पट्टा उतरवला. ओल्या जमिनीवर शॉक बसू नये म्हणून एक कोरडी फळी आणून खाली टाकली, "आबा, हिच्यावर उभे राहा," म्हणाले, आणि लाकडी मूठ त्यांच्या हातात दिली. कडेचं कापड मी वर धरलं, म्हणजे त्यांना मान बाहेर काढून चित्र दिसेल. आबांनी मूठ एकीकडे फिरवली, पाणी जरासं चढलं. दचकून उलटी फिरवली, पाणी उतरलं. त्यांना कळलं. नांगर धरलेला हात, त्याला मूठ कळायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी पाणी पूर्ण उतरवलं आणि गाव उघडं करून हात तिथेच थांबवला. आईने तोंडाला पदर लावला होता.

ईराने परवा मला तिच्या संगणकावर एक निळा चौकोन बोटाने खाली ओढायला दिला. बोट ठेवलं की तो आपल्याबरोबर येतो, हवा तिथे थांबतो. मी तो खाली धरून ठेवला, तेव्हा ती म्हणाली, "आजी, सोड ना आता, माझा पुढचा खेळ अडकलाय." तिला काय सांगू, की मी सोडत का नव्हते?

रोलरवर एक बोट तांब्याच्या कडेवर अडकलं होतं आणि ठिणग्या पडत होत्या. जळक्या लाकडाचा वास यायला लागला. अण्णा आबांच्या कानाशी वाकले. "आबा, फार वेळ थांबवता येत नाही. तांबं जळतं. सगळं पेटेल." मी आयुष्यात अण्णांना इतक्या हळू बोलताना ऐकलं नाही. मला वाटलं, आबा आता चिडणार, मूठ सोडून तडक निघून जाणार. किंवा अण्णा स्वतः मूठ हातात घेणार. अण्णांनी हात पुढे केलासुद्धा. आबांनी तो बाजूला सारला.

"व्हय," ते म्हणाले. "मीच करतो." आणि त्यांनी मूठ सुलटी फिरवायला सुरुवात केली.

त्यांनी ते सावकाश केलं. आधी स्वतःचं घर, मग कोपऱ्यावरचं, मग पाटलांचं. चिंच. देवळाच्या पायऱ्या. शेवटी कळसाचा एकच पिवळा बल्ब उरला, तेव्हा त्यांनी एकदा श्वास घेतला, त्यांची छाती वाजलेली मला ऐकू आली, आणि तोही घालवला. खालची शेतं हिरवी झाली. वरचा मोठा दिवा लागला. बाळूशेठ टाळ्या वाजवणार होते, पण त्यांनाही शहाणपण सुचलं. आबांनी मूठ सोडली, हात धोतराला पुसला आणि मांडवाबाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी नवा पट्टा आणला, सरळ चढवला, आणि विसर्जनापर्यंत पाणी बाळूशेठच्या मनासारखं चढत राहिलं. आबा ते बघायला पुन्हा गेले नाहीत. पीळ मुद्दाम दिला की चुकून, हे आईने अण्णांना एकदा विचारलं होतं. "गिरणीतली सवय," ते म्हणाले. अण्णा गेले तरी तेच उत्तर राहिलं, आणि मीही त्याच्या पुढे खणत बसले नाही.

पण ते सगळं पुढचं. त्या संध्याकाळी मी आबांच्या मागे चढ चढून घरी आले. ते पडवीत गेले, पण दगडांपाशी बसले नाहीत. पोत्यापाशी उभे राहिले, त्याच्या तोंडाला हात लावला आणि मला म्हणाले, "पोरी, माजं पोतं कवाच सरलंय. माज्या खाचराचा वास काय मला कळत न्हाई व्हय? तुज्या आयला सांग, आता वतत जाऊ नगंस."

एवढे दिवस ते लेकीचंच खात होते आणि त्यांना ते ठाऊक होतं. पोत्याची नुसती लाज राखली होती, तिनेही आणि त्यांनीही. आई मागून येऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत धावली आणि पोत्यात ओतायला आणलेल्या आंबेमोहराचा आबांसाठी म्हणून वेगळा भात टाकला. अण्णा घरी येऊन जेवायला बसले तेव्हा तिने त्यांच्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडला आणि तो भात घेऊन आली. आबा पाटावर बसले. ताटाकडे पाहिलं, वास घेतला, आणि ताट हळूच पुढे सारलं. अण्णांचा घास हातातच राहिला.

"ह्यो न्हाई," आबा म्हणाले. "तुमी खाता त्यो वाढ."

आईने आमच्या पातेल्यातला जाड, लालसर भात वाढला. आबा जेवले.